चष्म्याला दात नसतात

टूथपेस्ट दातांना लावायची असते, हे वाक्य आयुष्यात कधी छापून आणावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण तशी वेळ आली आहे. आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात टूथपेस्टचा खप दातांपेक्षा चष्म्यांवर जास्त होतो की काय, अशी मला दाट शंका आहे. चष्म्याला चरा पडला रे पडला, की घरातला कर्ता पुरुष मोरीकडे धावतो, ट्यूबच्या पोटातून वाटाण्याएवढी पेस्ट पिळतो आणि अंगठ्याने चष्मा घासायला बसतो. इतकं मन लावून आणि इतका वेळ त्या माणसाने स्वतःचे दात जन्मात घासलेले नसतात. घासले असते तर त्यातले निम्मे तरी आज जागेवर असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना तो पहिल्याच पानावर येईल. चष्म्यावरचा चरा घरी जात नाही. पेस्टने जात नाही, खायच्या सोड्याने जात नाही, राखुंडीने जात नाही, पितळ घासायच्या पॉलिशने तर मुळीच जात नाही. जाते ती काच. आणि काचेबरोबर कधीकधी आणखीही काही जातं, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

चरे पडायला मात्र आमच्याकडे निमित्तांची कमी नाही. बारामती म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवागार ऊस उभा राहतो. नीरा डाव्या कालव्याच्या कडेने गेलं तर तसा तो उभा असतोही. पण कालवा सोडून सुप्या-मोरगावच्या जिरायती अंगाला वळा. मे महिन्यात जमीन आणि आभाळ यांच्यामध्ये जे काही तरंगत असतं, ते सगळं चष्म्यावर येऊन बसतं. मग पावसाळ्याच्या तोंडाला तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत जाते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होतं, अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती माणसं श्रद्धेने कपाळाला लावतात. कपाळाच्या खाली दोन बोटांवर चष्मा असतो, हे त्या मातीला कोण सांगणार? दिवाळीच्या पुढेमागे गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाने लादलेले ट्रॅक्टर धुरळा उडवत कारखान्याकडे निघतात. तेव्हा चरे पडतात, ही तक्रार खरी आहे. माझं भांडण चऱ्याशी नाही, त्याच्यावरच्या उपचाराशी आहे.

आमचे एक मामा इंदापूर तालुक्यात असतात. त्यांच्या कानावर गेलं, की भाच्याने चष्म्याच्या काचा बदलायला टाकल्या.

“काय रे, नव्या काचा कशापायी?”

“मामा, बरोब्बर मधोमध चरा पडलाय. वाचताना आडवा येतो.”

“हात्तिच्या! मग आणायचा की हिकडं. पेष्ट लावून दोन मिन्टांत आरशावाणी करून दिला असता. माझा बघ. दर म्हैन्याला घासतो.”

मी मामांचा चष्मा हातात घेऊन पाहिला. बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून न्हाणीघराच्या खिडकीला जी काच बसवतात, तिच्यात आणि मामांच्या चष्म्याच्या काचेत एवढाच फरक होता, की न्हाणीघराच्या काचेवर नक्षी तरी असते.

“मामा, यातून दिसतं तुम्हाला?”

“दिसाय काय हुतंय? उजेड तर कळतोय की!”

मामा एकटे नाहीत. मोरोपंतांनी बारामतीत राहून एकशेआठ रामायणं लिहिली असं सांगतात. त्यांच्या पश्चात बारामतीकरांनी ती परंपरा सोडली नाही, फक्त विषय बदलला. चष्म्याच्या चऱ्यावर या गावात एकशेआठ उपाय आहेत आणि प्रत्येक उपाय सांगणाराला आपलंच रामायण मूळचं वाटतं. कोणी म्हणतो केळ्याची साल, कोणी म्हणतो तुरटी आणि अंड्याचा पांढरा बलक, कोणी म्हणतो मोटारीला लावायचं मेण, तर कोणी व्हॅसलीनवर हवाला ठेवतो. एका गृहस्थांनी तर मला बारीक पॉलिश पेपर सुचवला. त्यांचा स्वतःचा चष्मा त्या वेळी खिशात होता, त्यामुळे त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. पंतांच्या त्या एकशेआठांत एक ‘निरोष्ठ रामायण’ही आहे. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात नाही, म्हणजे तोंडात ब्रश असतानाही ते म्हणायला हरकत नसावी. टूथपेस्टचा या गावाशी आलेला इतका सुसंस्कृत संबंध तेवढाच.

आता हे खूळ आलं कुठून? आपली माणसं वेडी नाहीत. उलट फार हिशेबी आहेत. मला वाटतं, हे वेड तीन शहाणपणांतून जन्मलं आहे.

पहिलं शहाणपण कंदिलाचं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आजी कंदिलाची काच उतरवून घ्यायची आणि चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घेऊन ती आतून फिरवायची. काच लख्ख व्हायची. दुसरं शहाणपण तांब्या-पितळेचं. चिंच लावून घासलं की काळा पडलेला तांब्या सोन्यासारखा दिसतो, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. तिसरं शहाणपण सगळ्यांत महत्त्वाचं, कारण खरा घोटाळा तिथेच झाला. ते मनगटी घड्याळाचं. एचएमटीच्या जुन्या चावीच्या घड्याळांवर जी ‘काच’ असायची ती ॲक्रिलिकची, म्हणजे प्लॅस्टिकची असायची. तिच्यावर बारीक ओरखडे पडले, की फडक्यावर टूथपेस्ट घेऊन गोल गोल घासायचं आणि खरंच ओरखडे जायचे! घड्याळजी स्वतः तसंच काहीतरी करायचे. ज्याने हे एकदा पाहिलं त्याची टूथपेस्टवर जी श्रद्धा बसली, ती उभ्या जन्मात ढळली नाही.

या तिन्ही ठिकाणी घासणं बरोबरच होतं. कंदिलाच्या काचेवर काजळी बसलेली असते, ती काच सोडून सुटते. पितळेवर डाग चढलेला असतो, तो उतरतो. आणि घड्याळाची काच चांगली जाडजूड, तिच्यावरून थोडं प्लॅस्टिक उडालं तर बिघडतं काय? तिच्यातून आपल्याला फक्त काटे पाहायचे असतात. घड्याळाच्या काचेला नंबर नसतो. चष्म्यात नंबर सोडला तर दुसरं असतं काय?

त्यात पुन्हा आपल्या भाषेनेही घोळ घातला आहे. आपण अजून ‘चष्म्याच्या काचा’ म्हणतो. आजोबांच्या चष्म्याला काचच असायची, नाकावर खोल खड्डा पाडणारी वजनदार काच. हल्ली चष्म्याच्या दुकानात जे बसवून मिळतं ते बहुतेक वेळा प्लॅस्टिक असतं. त्याची कुळकथा मजेदार आहे. 1940 च्या सुमारास अमेरिकेतल्या एका रसायन कंपनीत नवनवीन राळा तयार करून पाहणं चाललं होतं. त्यांतली एकोणचाळिसावी जमली, म्हणून तिचं नाव सीआर-39 पडलं. महायुद्धात ती बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्यांसाठी वापरली गेली. युद्ध संपल्यावर, 1947 साली, रॉबर्ट ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात तिची चष्म्याची भिंगं काढायला सुरुवात केली. काचेच्या निम्म्या वजनाची, पडली तरी सहसा न फुटणारी. जगातल्या नाकांवर ग्रॅहमसाहेबांचे मोठे उपकार आहेत. नंतर पॉलिकार्बोनेट आलं. ते इतकं चिवट, की त्याची भिंगं मुलांना आणि कारखान्यातल्या कामगारांना देतात.

पण चिवट असणं निराळं आणि टणक असणं निराळं. रबरी चेंडू आपटून फुटत नाही, म्हणून त्याच्यावर नख उमटत नाही असं कोणी म्हणत नाही. हे प्लॅस्टिक फुटायला अवघड आणि ओरखडायला सोपं. टणकपणा मोजायची मोहस नावाची एक पट्टी आहे. तिच्यावर आपलं नख अडीचच्या आसपास, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास आणि वाळूतली गारगोटी 7 वर. धुळीत वाळूचा कण असतोच. तो काचेलाही चरा पाडू शकतो, मग प्लॅस्टिकची काय कथा! आणि टूथपेस्ट? तिच्यात खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड घातलेली असते, ती घासण्यासाठीच. ती पूड दाताच्या वरच्या कवचाला सोसेल अशी बेतलेली असते. दाताचं कवच हा माणसाच्या शरीरातला सगळ्यांत टणक पदार्थ आहे. म्हणजे जे औषध पहिलवानाच्या पाठीला चोळायचं म्हणून केलेलं, ते आपण तान्ह्या मुलाच्या गालाला चोळतो आणि वर म्हणतो, बघा कसं गुलाबी झालंय!

बरं, चरा म्हणजे तरी काय? चरा हा डाग नाही. डाग वर बसलेला असतो. चरा म्हणजे तिथलं भिंग गेलेलं असतं, तिथे खड्डा असतो. जे गेलं ते घासून परत कसं येणार? रस्त्याला खड्डा पडला तर तो भरतात. (आमच्याकडे भरतात की नाही, हा या लेखाचा विषय नाही.) पण खड्डा दिसू नये म्हणून बारामतीपासून इंदापूरपर्यंतचा सगळा रस्ता खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडून सपाट करा, असं अजून कोणत्याही कंत्राटदाराला सुचलेलं नाही. चष्म्याच्या बाबतीत आपण नेमकं तेच करायला बसतो, आणि तेही अंगठ्याने.

“पण मी घासला तेव्हा चरा गेला होता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!” असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. चष्मा ओला असताना चरा जातोच. त्या खड्ड्यात पाणी भरतं, आणि प्रकाशाच्या दृष्टीने पाणी हवेपेक्षा भिंगाला पुष्कळच जवळचं असतं, त्यामुळे खड्ड्याच्या कडांवर उजेड फारसा विखुरत नाही. व्हॅसलीन आणि मेण यांचा चमत्कारही हाच. पाणी वाळलं, व्हॅसलीन पुसलं गेलं, की चरा पुन्हा हजर. तोपर्यंत उपाय सांगणारा चहा पिऊन निघून गेलेला असतो. कोरड्या चष्म्यावरही कधीकधी चरा दिसेनासा होतो, नाही असं नाही. पण तो अशा अर्थाने, की आजूबाजूला इतके बारीक ओरखडे उमटलेले असतात की त्यांत मूळचा ओळखू येत नाही. गर्दीत खिसेकापू सापडत नाही, म्हणून चोरी झालीच नाही असं म्हणण्यापैकी हा प्रकार.

भिंगावर हल्ली लेप असतात, हे तर बहुतेकांच्या गावीच नाही. प्लॅस्टिक मऊ, म्हणून त्याच्यावर एक टणक थर देतात. तो असतो काही मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज बांधा. त्याच्यावर पुन्हा चकाकी मारणारा लेप असतो, ज्याच्यामुळे चष्मा तिरपा धरला की हिरवट-जांभळी झाक मारतो. ही युक्ती मूळची जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञाची, 1935 सालची. हा थर तर एका मायक्रॉनहूनही पातळ. तुमची पेस्ट पहिल्या दहा फेऱ्यांत गाठते ती याला. गृहिणींना हे लगेच समजेल. कल्हईच्या भांड्याला तारेच्या घासणीने घासत नाहीत, आणि नॉनस्टिक तव्याला उलथन्याने खरवडणाऱ्या नवऱ्याला काय ऐकावं लागतं, ते मी लिहायला नको. मग तीच बाई त्याच नवऱ्याला मोरीत बसून चष्मा घासताना पाहते आणि काही बोलत नाही, हे मला कोडं आहे. बहुधा तव्याची किंमत तिला माहीत असते.

आणि त्याखालच्या भिंगाला एक ठरलेला बाक असतो. नंबर म्हणतात तो त्या बाकातच असतो. डॉक्टरांनी पाव नंबरासाठी आपल्याला पंधरा मिनिटं “आता बरं का मघाचं बरं?” असं विचारून भंडावलेलं असतं. तो बाक आपण मधोमध अंगठ्याने, कमीजास्त जोराने, बातम्या ऐकत ऐकत घासणार. ज्यांनी उभी हयात वालचंदनगरला यंत्रं घडवण्यात घालवली, ज्यांना मायक्रॉन म्हणजे काय ते माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं कळतं, अशी माणसंही घरी आली की राखुंडीची डबी उघडतात. इकडे बारामतीत उसाला पाणी कधी द्यायचं हे सांगायला उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला लावली आहे. तो सल्ला मोबाइलवर वाचायचा चष्मा मात्र खायच्या सोड्याने घासलेला!

थंडीत भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, आणि त्यांच्या मागोमाग पुण्याची मंडळी गळ्यात तोफेएवढे कॅमेरे अडकवून येतात. ते लोक भिंग कसं पुसतात ते एकदा नावेत बसून पाहा. आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, मग खास फडकं, तेही जपून. त्या भिंगावर पेस्ट चोळायला सांगितलीत तर तुम्हाला नावेतून ढकलून देतील. तेही भिंगच आणि हेही भिंगच. फरक एवढाच, की ते पक्षी पाहण्यासाठी असतं आणि हे समोरून येणारा ट्रक पाहण्यासाठी.

आता मुख्य आक्षेप. “तुम्हाला बोलायला काय जातंय? पाच रुपयांच्या पेस्टमध्ये भागतं तिथे शेकड्यांनी पैसे का घालायचे?” या आक्षेपाचा मी आदर करतो. काटकसर हा आपला धर्म आहे आणि आपली पिढी त्याच्यावरच वाढली आहे. पण काटकसर करायची तर निदान नीट करावी. आपण दुकानात जातो तेव्हा फ्रेम निवडायला तास लावतो, आरशात डावीकडून उजवीकडून पाहतो, बायकोला विचारतो, मुलीला फोटो पाठवतो. आणि भिंगाचं विचारलं, की “कुठलंही साधं टाका” म्हणतो. म्हणजे लोकांना दिसणाऱ्या भागावर खर्च आणि आपल्याला ज्याच्यातून दिसायचं त्यावर बचत. हे म्हणजे ग्रामोफोनला चांदीचा कर्णा बसवून सुई गंजकी घालण्यासारखं आहे. फ्रेम धडधाकट असेल तर तिच्यातच नवी भिंगं बसवून मिळतात, आणि साधी भिंगं वाटतात तितकी महाग नसतात. महाग काय काय असतं ते दुकानदार सांगतोच. स्वस्त काय आहे ते आपण विचारावं लागतं, आणि ते विचारायला लाजू नये. तिथे भांडा ना! दराची घासाघीस करा, भिंगाची करू नका.

आणि पैसे वाचवून वाचवायचं काय असतं, ते बारामती-इंदापूर रस्त्यावर हंगामात रात्री जाऊन पाहावं. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. पुढे उसाने शिगोशिग भरलेल्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी असलीच तर ती चिखलाने झाकलेली. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर. नितळ भिंगातून तो झोत दोन दिव्यांसारखा दिसतो. घासून पांढुरक्या झालेल्या भिंगावर त्याच झोताचा पिंजलेला कापूस होतो, आणि त्या कापसात पुढची ट्रॉली नाहीशी होते. मामा म्हणतात तसा उजेड कळतो, अगदी भरपूर कळतो. उजेडाखेरीज बाकी काही कळत नाही. या रस्त्यांवर ट्रॉलीला मागून धडकल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो आणि पान उलटतो.

मघाशी म्हटलं, की काचेबरोबर आणखीही काही जातं. ते आता सांगतो.

आमची एक आत्या निमगाव केतकीला होती. तिला वाचायची आवड. रोज सकाळी चष्मा लावून हरिपाठ, दुपारी हाताला लागेल ते. सत्तरीच्या पुढे गेल्यावर ती म्हणायला लागली, “चष्मा धुरकट झालाय रे, जरा पुसून दे.” नातू गुणी. त्याने पुसून दिला, मग साबणाने धुऊन दिला, मग कोणीतरी सांगितलं म्हणून पेस्टने घासून दिला. घासल्यावर दोन दिवस बरं वाटायचं, किंवा नातवाने एवढं केलं म्हणून ती बरं आहे म्हणायची. पुन्हा धुरकट, पुन्हा पेस्ट. असं दोन वर्षं चाललं. पुढे तिने पोथी उघडायचं सोडलं आणि म्हणाली, “पाठच आहे, बघायचंय कशाला?” सगळ्यांना कौतुक वाटलं, की या वयात आत्याचं पाठांतर बघा! पुढे मिठाच्या जागी साखर पडायला लागली, तेव्हा वय झालं म्हणाले. गावाजवळ डोळे तपासणीचं शिबिर लागलं, तिथे शेजारणीला सोबत म्हणून आत्या गेली आणि डॉक्टरांनी सहज तिच्याही डोळ्यांवर बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. दोन वर्षं घर तिचा चष्मा घासत होतं आणि पडदा चष्म्याच्या आत होता.

पहिल्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा तिने आधी नातवाकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगो बाई, मिशी आली की तुला!”

नातवाला मी दोष देत नाही. त्याला पेस्टचा उपाय सांगायला दहा जणांची तोंडं होती. आजीचा चष्मा काढून तिला नुसत्या डोळ्यांनी खिडकीकडे पाहायला सांग, असं सांगणारं एकही नव्हतं. एवढी साधी परीक्षा. चष्मा काढल्यावर नंबराचं धूसर दिसेलच, ते सोडा; पण चष्म्याशिवायही दिव्याभोवती धुकं आणि वलय दिसत असेल, तर ते धुकं भिंगावर नाही. उलट बाजूने पाहायचं तर चष्मा हातभर लांब धरून उजेडाकडे करा. चरा आणि डाग भिंगावर असतील तर कोणालाही दिसतील. घरातल्या तरण्या माणसाला भिंग स्वच्छ दिसतंय आणि म्हातारं माणूस धुरकट म्हणतंय, तर मोरीकडे जाऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बारामतीत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि 1976 सालापासून त्यासाठी देशभर कार्यक्रम चालू आहे. म्हणजे टूथपेस्टपेक्षाही स्वस्त.

चरा पडूच नये म्हणून काय करावं, असं कोणी विचारत नाही, कारण त्यात पराक्रम नाही. तरी सांगतो. चरा बहुतेक वेळा आपण पाडतो, पुसताना. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, सदऱ्याचं टोक, आणि आता टी-शर्टचा काठ. वस्त्रं बदलली, हात तोच. चष्म्यावर धूळ असते, कोरड्या कापडाने आपण ती तिथल्या तिथे फिरवतो, म्हणजे वाळूचा कागद आपणच तयार करून आपणच चालवतो. आजोबांच्या काचेने हे पुष्कळ सोसलं, प्लॅस्टिक सोसत नाही. आधी चष्मा गार पाण्याच्या बारीक धारेखाली धरावा, म्हणजे कण वाहून जातात. मग भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटाने फिरवावा, धुवावा आणि स्वच्छ मऊ कापडाने टिपावा. टिपावा म्हटलंय, रगडावा नाही. उन्हाळ्यात मोटारीच्या काचेमागे चष्मा ठेवून लग्नाला जाऊन बसू नये. प्लॅस्टिक तापून फुगतं, वरचा लेप तितका फुगत नाही आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. टेबलावर ठेवताना भिंगं वर, दांड्या खाली. झालं. याला एक पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

चरा पडलाच, तर तो कुठे आहे ते पाहा. कडेला असेल तर त्याच्यासह सुखाने नांदता येतं, आपण कितीतरी गोष्टींसह नांदतो. मधोमध असेल तर भिंगं बदलून घ्या, आणि दुकानात गेलाच आहात तर नंबरही तपासून घ्या. एवढ्या वर्षांत तोही हललेला असतो.

जुनी भिंगं फ्रेमसकट सुटी झाली असतील तर मात्र टाकू नका. माळ्यावरची जाळी काढताना, दिवाळीला पंख्याची पाती पुसताना, पोतंभर मिरच्या कुटून घेताना असला चष्मा फार कामाला येतो. आणि समजावून सांगूनही ज्यांचे हात शिवशिवतच असतील, त्यांनी रविवारी दुपारी त्या चष्म्यावर पेस्ट, सोडा, राखुंडी, केळ्याची साल, काय वाटेल ते चोळून पाहावं. मामांना मी तसा एक चष्मा नेऊन दिला आहे. ते त्याला रोज घासतात. नाकावर मात्र सध्या नवा असतो, आणि त्याला हात लावायची मामींची बंदी आहे.